ऊन खाणारी मंडळी

यंदाच्या थंडीने पार वाट लावली राव. म्हणजे थंडी दरवर्षी पडते, स्वेटर निघतात, आठवडाभर सगळे "काय गारठा आहे ना" म्हणतात आणि विषय संपतो. यंदा तसं झालं नाही. तीन आठवडे झाले, पारा वर यायचं नावच घेत नाहीये, भिंतीवरच्या थर्मामीटरवर सकाळी ८, एकदा तर ६, आणि मी घरात दोन मोजे घालून फिरतेय. बागेचं तर मी मनातल्या मनात शटरच पाडलं होतं. म्हटलं आता फेब्रुवारीपर्यंत काही नाही, पानं काळी पडणार, पक्षी कुठेतरी दडून बसणार, आपण खिडकी लावून गप पडावं.

पण झालं असं, की एका सकाळी पाण्याची मोटर बघायला मागच्या दारी गेले आणि पायरीवर जेवढा उन्हाचा तुकडा पडला होता तिथेच उभी राहिले, कारण बाकी सगळीकडे पाय ठेववत नव्हता इतकी फरशी गार. आणि दोन मिनिटांत लक्षात आलं की तिथे मी एकटी नाहीये. कठड्यावर खार पसरलेली, पाट टाकावा तशी चपटी. जास्वंदाच्या काडीवर सरडा. कुंडीच्या काठावर एक फुलपाखरू पंख सताड उघडून. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, कोणाला कोणाची भीती नव्हती, सगळे नुसते ऊन खात होते. एरवी मला बघून तीन फूट लांब उडी मारणारी ती खार, तिने फक्त एक डोळा उघडला आणि परत मिटला.

तेव्हापासून रोजचा उद्योग एकच. ऊन कुठे पोहोचलंय ते बघायचं, आणि तिथे कोण आलंय ते बघायचं. कारण थंडीत परसबागेचा सगळा कारभार या उन्हाच्या पट्ट्यावर चालतो हे मला इतकी वर्षं माहितच नव्हतं. साडेसातला तो मागच्या भिंतीच्या टोकाला असतो, आठला पेरूच्या शेंड्यावर, साडेआठला पायरी, नऊनंतर कढीपत्ता, आणि सगळ्यात शेवटी, दहाच्या पुढे, कुंपणाजवळचा तो ओला कोपरा. हे वेळापत्रक मला आता तोंडपाठ आहे, आणि तिथल्या पाहुण्यांनाही.

पहिला नंबर बुलबुलांचा. लालबुड्या बुलबुल, जोडीच असते. पेरूच्या शेंड्यावर येऊन बसतात आणि इतके फुगलेले असतात की पहिल्या दिवशी मला वाटलं हे कुठले नवीन पक्षी आले बाई, एरवी सडपातळ आणि तुरेबाज दिसणारा बुलबुल आणि हा तर लोकरीचा गुंडा. पिसं उभी केली की मधे हवा अडकते आणि ती हवाच गोधडीचं काम करते. आतमध्ये त्यांचं शरीर ४० अंशांच्या पुढे तापलेलं असतं, म्हणजे आपल्याला तेवढा ताप आला तर घरात धावपळ उडेल. आणि बाहेर ६. एवढासा जीव, त्यातून तो जितका लहान तितकी उष्णता पटापट निघून जाणार, मग रात्रभर अंगातली चरबी जाळत बसायचं आणि उजाडलं की आधी पोट भरायचं. म्हणून आता सकाळी सकाळी मी झाडू घेऊन तिकडे जातच नाही, त्यांना उगीच उडायला लावलं तर त्यात पण त्यांची शक्ती जाते. नऊनंतर जाते. (अंगण अस्वच्छ दिसतं अशी तक्रार घरातून आली आहे. नोंद घेतली आहे.)

सातभाईंची गंमत वेगळीच. हे लोक एरवी दिवसभर भांडतात, सातजण मिळून कलकलाट करतात की फोनवर बोलता येत नाही. पण थंडीत संध्याकाळी बघा तुम्ही त्यांना. आमच्या लिंबाच्या आडव्या फांदीवर सगळे ओळीने, अंगाला अंग चिकटवून, मधे हवा जायला फट नाही. आता ओळ म्हटली की दोन टोकं आली, आणि टोकाला बसणाऱ्याची एक बाजू उघडी. तर तो टोकाचा काय करतो, थोडा वेळ बसतो, मग उठतो आणि सगळ्यांच्या पाठीवरून तुडवत जाऊन मधोमध घुसतो. मग जो नवीन टोकाला आला तो थोड्या वेळाने तेच करतो. मी आणि लेक खिडकीतून बघत होतो, अंधार पडेपर्यंत हे चालू होतं, खुर्चीचा खेळ असतो ना तसं. लेक म्हणाली, "आई, आपण पण तर हेच करतो पांघरुणात." खरं आहे. आमच्याकडे टोकाला नेहमी मीच असते.

बाकी वेड्या राघूंनाही मी कधी सकाळी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. मागच्या तारेवर चार-पाच जण एकमेकांना खेटून, हिरवे मणी ओवल्यासारखे, आणि साडेनऊपर्यंत हलत म्हणून नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं आळशी आहेत. मग डोक्यात आलं की ते खातात उडते किडे, आणि किडे या गारठ्यात उडतच नाहीयेत, मग हे लवकर उठून करणार काय. किडे तापणार, मग उडणार, मग राघू निघणार. सगळी साखळी परत त्या उन्हापाशी येते.

आता त्या किड्यांचंच सांगते, कारण खरी मजा तिथे आहे. मागच्या रविवारी लेक ओरडत आली, "आई, माशी मेली." कोपऱ्यात तुळशीची वाळलेली मंजिरी आहे, कापायची राहिलेली (माझा आळस कधीकधी कामी येतो), तिच्या एका बारीक काडीला एक माशी चिकटलेली. साधी नाही, मधमाशीच्या कुळातली, पोटावर निळे चमकदार पट्टे असलेली ती माशी असते ना, एरवी फुलांवर इतकी झुंईकन फिरते की पट्टे दिसेपर्यंत गायब. ही मात्र स्तब्ध. जवळ जाऊन बघितलं तर पाय काडीला लागलेलेसुद्धा नव्हते. तिने फक्त जबड्याने काडी पकडली होती. फक्त जबड्याने! अख्खं शरीर आडवं, हवेत, पाय पोटाशी घेतलेले, आणि अंगावरच्या बारीक केसांवर दव. एकेक थेंब टाचणीच्या टोकाएवढा. मी लेकीला म्हटलं, "अगं मेली नाहीये, झोपलीये, आणि ती नाही, तो आहे." कारण या जातीत मादी बिळात झोपते, मातीत स्वतः खणलेल्या, आणि नर बिचारे रात्री बाहेर असे काड्यांना लटकून काढतात. नराला नांगी नसते, त्यामुळे तोंड जवळ नेऊन बघायला हरकत नव्हती.

आम्ही दोघी तिथेच उकिडव्या बसलो. ऊन कढीपत्त्यापर्यंत आलं होतं, मंजिरीपर्यंत यायला अजून दहा-बारा मिनिटं. आलं एकदाचं. आधी काहीच झालं नाही. मग दव सुकलं. मग मिशा हलल्या, एक, मग दुसरी. मग पोट वरखाली व्हायला लागलं, भात्यासारखं, आणि एक अगदी बारीक गुणगुण ऐकू यायला लागली पण पंख तर हलत नव्हते! हे म्हणे पंखांचे स्नायू थरथरवून आतून इंजिन गरम करणं असतं. मधमाश्या पोळ्यात थंडीत असंच करतात, पंख न हलवता नुसते स्नायू चालवायचे, म्हणजे उष्णता तयार होते. मग त्याने जबडा सोडला, पुढच्या पायांनी डोळे पुसले, अगदी आपण झोपेतून उठल्यावर पुसतो तसे, आणि गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत त्याच काडीवर. आता ती काडी कोणी तोडायची नाही असा घरात नियम झालाय.

तर सांगायचं म्हणजे, या दिवसात बागेत काही "मेलेलं" दिसलं तर लगेच उचलून टाकू नका. फुलपाखरू पंख मिटून खाली पडल्यासारखं बसलेलं असतं, हात लावला तरी उडत नाही, ते उडूच शकत नसतं कारण छातीतले स्नायू पुरेसे गरम झाल्याशिवाय पंख चालत नाहीत. बिबळ्या कडवा (फुलपाखराचंच नाव आहे) रोज पायरीवर येतो, पंख पुस्तकासारखे उघडतो, अंग उन्हाकडे फिरवतो, आणि सावली आली की चार पावलं सरकून परत उन्हात. मी पण तेच करते खुर्ची घेऊन. आम्ही दोघं साडेआठ ते नऊ शेजारी शेजारी असतो.

सरड्याचं बघा. सकाळी तो जवळपास काळपट असतो, जळक्या काडीसारखा, आणि अंग चपटं करून उन्हाला आडवा लावलेला असतो, जणू काही वाळत घातलाय. गडद रंग ऊन जास्त शोषतो, हे आपण शाळेत काळा कपडा-पांढरा कपडा करून शिकलो, हा न शिकता करतो. नऊ-साडेनऊपर्यंत अंग तापलं की रंग फिका पडत जातो, पिवळसर भुरा, आणि मग मान वर करून जोर काढायला सुरुवात. म्हणजे रंग बघून मला कळतं की साहेब किती तापलेत.

पण ऊन खाणं हे काही सगळं गोडगोड नसतं हे मला भारद्वाजाने दाखवलं. भारद्वाज पण ऊन खातो, आणि कसा खातो म्हणाल तर कुंपणावर चढून दोन्ही तांबडे पंख पसरून, पाठ उन्हाकडे, लाल डोळा अर्धा मिटलेला, इतका ऐटीत की राजा वाटावा. मी फोन आणायला आत गेले. येऊन बघते तर कुंपण रिकामं, आणि जास्वंदाखाली हा चालतोय, तोंडात शेपूट लोंबतेय. सरड्याची. आमच्या काळपट सरड्याची की दुसऱ्या कोणाची ते देव जाणे. गारठलेला सरडा पळू शकत नाही आणि भारद्वाजाला ते बरोबर माहीत आहे, त्याचं ऊन आधी खाऊन झालं होतं एवढंच. दोन दिवस मला जास्वंदाकडे बघवेना. तिसऱ्या दिवशी काडीवर सरडा होता. तोच आहे असं मी धरून चाललेय.

झाडांच्या बाबतीत मात्र मी माती खाल्ली, ते पण सांगितलं पाहिजे. कडाका सुरू झाला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने तुळशीवर आणि अळूवर प्लास्टिकचा कागद टाकला, व्यवस्थित दगड ठेवून वगैरे. दोन चुका. एक म्हणजे कागद पानांना चिकटलेला, आणि जिथे चिकटला नेमकी तिथलीच पानं काळी पडली, कारण प्लास्टिक रात्री बाहेरच्या हवेइतकंच गार होतं आणि तो गारवा थेट पानाला. दुसरी म्हणजे सकाळी काढायलाच विसरले, अकराला बघते तर आत वाफ धरलेली आणि अळू शिजल्यासारखा. थंडीपासून वाचवायला गेले आणि उकडून ठेवला. शेजारचे काका कुंपणापलीकडून बघत होते, म्हणाले, "जुनी चादर टाक की, आणि काठ्या रोवून वर टाक, पानाला लागू देऊ नकोस, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत येऊ दे, आणि संध्याकाळच्या आत आळ्यात पाणी दे." चादर जमिनीपर्यंत का, तर खरी शेगडी खालची माती असते. दिवसभर तापलेली माती रात्रभर उष्णता सोडत राहते, ती आत अडवायची. आणि ओली माती कोरड्यापेक्षा जास्त उष्णता धरून ठेवते म्हणून पाणी. हे काकांना कोणी पुस्तकातून शिकवलं नाहीये.

मग मला नाद लागला मोजायचा. थर्मामीटर भिंतीवरून काढून एका रात्री उघड्या गवतावर ठेवला, एका रात्री पेरूखाली. भिंतीवर ८ दाखवायचा, तोच गवतावर ४ दाखवत होता! आणि पेरूखाली ७. एवढ्याशा अंगणात एवढा फरक. आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला की जमिनीची उष्णता सरळ वर आभाळात निघून जाते, अडवायला कोणी नाही, झाडाखाली मात्र वरची पानं ती थोडी परत पाठवतात, आणि ढग असले तर ते अख्ख्या गावाला तेच करतात. म्हणून चांदण्या लखलखीत दिसल्या की समजायचं उद्या सकाळी बोंब आहे. भिंतीचा पण फायदा, ती दिवसभर तापते आणि रात्री सोडते, म्हणून सगळ्या नाजूक कुंड्या आता भिंतीला टेकून उभ्या आहेत, वर्गाबाहेर काढल्यासारख्या. आणि हो, काळी पडलेली पानं मी कापली नाहीयेत. दिसतं घाण, पण तीच आता खालच्या कोंबांवर पांघरूण आहेत, थंडी गेली की बघू. पाचोळा पण उचलला नाहीये, त्याच्यात कोण कोण झोपलंय काय माहीत.

एका पाहुण्याला मात्र या सगळ्याचं काहीच वाटत नाही. थिरथिरा. काळा-तांबूस, चिमणीएवढा, आणि शेपूट सतत थरथरतेय, आधी मला वाटलं हा पण कुडकुडतोय. छे! तो नेहमीच तसा करतो. तो येतो उत्तरेकडून, डोंगरांपलीकडून, जिथल्या थंडीपासून पळून तो आमच्याकडे आलाय. म्हणजे मी ज्याला कडाका म्हणतेय ती त्याची उबदार सुट्टी. ऊन नसलेल्या कोपऱ्यातही खुशाल टुणटुण फिरतो. धोबी पक्षी पण तसलाच, दव पडलेल्या गवतात अनवाणी. पाय गारठत नाहीत का, तर पायात जाणारं गरम रक्त आणि पायातून वर येणारं गार रक्त अगदी शेजारशेजारच्या नळ्यांतून जातं, वाटेतच देवाणघेवाण होते, त्यामुळे पाय गार राहिला तरी पोट गरम. मला अशी सोय हवी होती. दोन मोजे वाचले असते.

पाण्याचं भांडं मात्र भरत जा हं, थंडी आहे म्हणून पक्ष्यांना पाणी लागत नाही असं नसतं. उथळ, मधे एक दगड. मी दुपारी बाराला भरते आणि शिंपी, दयाळ, चष्मेवाले सगळे ठरल्यासारखे त्याच वेळी आंघोळीला. एवढ्या थंडीत आंघोळ बघून माझ्याच अंगावर काटा येतो, पण पिसं स्वच्छ असली तरच नीट फुलतात आणि तरच हवा धरतात, म्हणून ती चैन नाही, गरज आहे. लेकीने हे आंघोळीला नकार देताना माझ्याच अंगावर उलटवायचा प्रयत्न केला, "मला पिसं नाहीत" म्हणे.

रात्री मात्र बाग अगदी गप्प. रातकिडे गायब. त्यांचं गाणं हवेच्या तापमानावर चालतं, गरम असेल तर भरभर, गार झालं की सावकाश, आणि फारच गार झालं की बंद. १८९७ मध्ये एमॉस डॉलबेअर नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने याचं चक्क सूत्र मांडलं होतं, त्याची सोपी रीत म्हणजे १४ सेकंदांत किती वेळा किर्र झालं ते मोजा, त्यात ४० मिळवा, फॅरनहाइटमध्ये तापमान आलं. ते तिकडच्या किड्यासाठी आहे, आमच्या मोरीजवळच्या गवयाला लागू पडेलच असं नाही, पण आम्ही परवा जरा ऊब होती तेव्हा मोजायला बसलो. तो इतका सावकाश किरकिरत होता, दोन किर्रमधे एवढी गॅप, की लेक म्हणाली याची बॅटरी संपत आलीये. काल तर आवाजच नव्हता.

आणि सध्या आमचं सगळं लक्ष कढीपत्त्यावर आहे. दिवाळीनंतर तिथे लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या होत्या, आधी चिमणीच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या, मग मोठ्या होऊन हिरव्यागार. त्यातली एक कोष करून बसली, खोडाला, कमरेला एक रेशमी दोरा बांधून, मागे झुकून, विजेच्या खांबावर चढलेला वायरमन असतो ना अगदी तशी. एरवी आठ-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर. यंदा २६ दिवस झाले. रोज नऊ वाजता ऊन तिथे पोहोचलं की आम्ही दोघी बघतो. मधे एकदा मला वाटलं गेलं हे, पण हळूच फुंकर मारली तर आतून टुक्कन हललं. जिवंत आहे, नुसतं थांबलंय.

आज सकाळी मला त्याचा रंग जरा गडद वाटला, पंखांची नक्षी आतून दिसायला लागली की निघायची वेळ झाली म्हणतात. लेक म्हणते दिसतेय, ठिपके पण दिसतायत. मला नीट कळलं नाही, चष्म्यावर वाफ धरली होती. थर्मामीटरवर ९ होते. उद्या सव्वानऊपर्यंत ऊन येईल तिथे, तेव्हा चष्मा पुसून बघते.